अडीचशे दिनारची घोडी

अडीचशे दिनारला घेतली साबिरा.
बू खलीलनं सही केली पिकअपच्या बॉनेटवर,
ऊन असं की कागदाखाली त्याला गुत्रा घडी करून ठेवावा लागला.
मोठ्या शर्यतीची नाही राहिली आता, म्हणाला,
पण चाळीस किलोमीटर? झोपेत जाईल.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे ठाऊक होतं.
विकतच्या घोडीचे मोजावेत,
हे मिरजेत कुणी शिकवलंच नव्हतं.

दादानं फोनवर विचारलं, ॲव्हरेज किती देते?
देत नाही रे, खाते.

लसूणघास इथे जहाजानं येतो.
गठ्ठ्याची दोरी कापली की ओला हिरवा वास सुटतो
आणि सखीरच्या त्या पांढऱ्या वाळूत
क्षणभर कुणाच्या तरी पाटाचं पाणी वाहतं.
त्या वासाचे पैसे वेगळे लागत नाहीत.
बाकी सगळ्याचे लागतात.
नालांचे, दर पाच आठवड्यांनी. जुलैत पंख्याचे,
पंखा बंद पडला त्या रात्री बर्फाचे,
आणि पोटशूळ उठला तेव्हा
पहाटे अडीच ते साडेपाच तिला गोल गोल फिरवल्याचे,
तिच्या कुशीला कान लावून आतडं वाजतंय का ऐकल्याचे,
सातला ड्यूटीवर जाऊन
एका म्हातारीचा डावा हात उजवा म्हणून लिहिल्याचे.
ते मेमोच्या रूपात वसूल झाले.

घोडं कुठे पेंड खातं
हे कळायला मला वर्ष लागलं.
उजव्या पुढच्या पायात, खुराच्या वरच्या सांध्यात.
डॉक्टर अल्-तय्यिबनी मशीन वाळूत टेकवलं,
समजावून सांगायला तोंड उघडलं,
मी म्हटलं, दिसतंय.
दिवसाला साठ हाडं बघते मी.
तांदळाच्या कणीएवढा तुकडा, कडेला सुटलेला.
म्हणजे हे होते ते अडीचशे.
कणी काढायचे हजार.
मिरजेच्या फ्लॅटचा हप्ता त्या महिन्यात गेला नाही,
पुढच्याही नाही,
मग बिल्डरनं पत्र पाठवणंही बंद केलं.

सोहराबचा पगार शंभर दिनार.
तो तबेलेवाला देतो, मी नाही,
असं मी स्वतःला सांगते.
एकदा वहीत तो आकडा आणि चाऱ्याचा आकडा
शेजारी शेजारी आले.
मी पान उलटलं.

जानेवारीत चाळीस किलोमीटर.
साबिरा वाऱ्याला नाक देऊन धावली,
मी फक्त वर होते.
परतल्यावर मानेवर पाणी, पुन्हा पाणी,
सोहराबचे हात तिच्या छातीवर,
माझे माझ्या.
चौसष्टच्या आत ठोके हवेत. एकसष्ट आले.
मग हातात लगाम धरून दौडवून दाखवायची,
जाऊन येऊन ऐंशी पावलं.
तो धावला तिच्याबरोबर.
तीन पंच, तिघांच्या माना तिच्या पायांवर.
ती सरळ होती. पास.
लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला दिसलं:
डावा गुडघा तो टेकवत नाही,
फेकतो.

सोमवारी ड्यूटी संपल्यावर त्याला बोलावलं.
टेबलावर आडवा झाला तेव्हा चप्पल कुठे ठेवू, विचारलं.
हलू नको. श्वास घेतला तरी चालेल.
स्क्रीनवर आली वाटीवरची तिरकी रेघ,
जुनी, आपली आपण वेडीवाकडी भरलेली.
कुणाची लाथ रे ही?
आधीच्या मालकाची, म्हणाला.
मग हसला,
मालकाच्या घोडीची, मॅडम.

किती वर्षं झाली?
त्यानं सांगितलं नाही. खिशात हात घालून
किती झाले, एवढंच विचारलं.
मला उत्तर येईना.
घड्याळाकडे बघून म्हणाला, तिची पाण्याची वेळ झाली,
आणि त्या लांब कॉरिडॉरमधून
लिफ्टपर्यंत चालत गेला,
पंचांपुढे चालावं तसा, सरळ.